कुलपाचा लंबक आणि ऑलिंपियाड

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास चालू आहे. भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडला बसावं असं मनात आहे. त्यासाठी वेगळा क्लास लावावा लागेल का? त्यात प्रयोगांचीही परीक्षा असते म्हणे. आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करणं. मग तयारी कशी करायची?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : वेगळा क्लास नको. पहिली पायरी म्हणजे भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना (आयएपीटी) नोव्हेंबरमध्ये घेते ती एनएसईपी. ती बहुपर्यायी असते आणि जेईई मनापासून करणाऱ्याला अनोळखी वाटत नाही. त्यातून निवडलेल्यांना वर्षारंभी आयएनपीएचओ हा लेखी पेपर द्यावा लागतो. तिथे मात्र पर्याय हेरण्याचं कसब कामाला येत नाही. एकाच प्रसंगावर पायरीपायरीने प्रश्न येतात आणि युक्तिवाद कागदावर मांडावा लागतो. जुने पेपर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. उत्तर न बघता एका प्रश्नाशी दोन दिवस झुंजायची तयारी असेल, तर इरोडोव्हच्या प्रश्नसंग्रहाच्या जोडीला एवढं पुरे.

विषय नवा दिसला म्हणून बिचकू नकोस. 2018 साली लिस्बनच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पहिलाच प्रश्न गुरुत्वीय लहरींवर होता. (तशा लहरी टिपणारी वेधशाळा तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे.) लागणारी नवी माहिती प्रश्नातच दिलेली असते, गणित शाळा-कॉलेजातलंच. त्या वर्षी भारताच्या पाचही मुलांना सुवर्णपदक मिळालं.

आता प्रयोगांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पाच-पाच तासांचे दोन पेपर असतात : लेखी 30 गुणांचा, प्रयोगाचा 20 गुणांचा. म्हणजे चाळीस टक्के गुण हाताच्या कामाला. पण आपल्याकडच्या पहिल्या दोन्ही पायऱ्या लेखी असल्यामुळे मुलं प्रयोगांना हात लावतात ती थेट मुंबईत, मानखुर्दच्या निवड शिबिरात. पाच जणांचा संघ त्या शिबिरातून निवडला जातो.

सुरुवात घरूनच कर. दोऱ्याला एक छोटं कुलूप टांग आणि त्यावरून ‘जी’ काढ. मीटरभर दोऱ्याचा आवर्तनकाल दोन सेकंदांच्या आसपास येतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बोट मागेपुढे पडून 0.2 सेकंदाची चूक सहज होते. एकच आवर्तन मोजलंस, तर ही चूक दहा टक्के झाली. सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे ‘जी’मध्ये ती वीस टक्के होते. 9.8 ऐवजी 8 येईल किंवा 12 येईल. तीच चूक वीस आवर्तनांवर, म्हणजे चाळीस सेकंदांवर पसरली की ‘जी’मधली चूक एका टक्क्यावर येते. घड्याळ तेच, बोट तेच. मोजणी सुरू करताना ‘एक’ न म्हणता ‘शून्य’ म्हण, नाहीतर एक आवर्तन कमी भरतं. आणि वेळ धरायची ती कुलूप सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत वेगात असताना. टोकाला ते रेंगाळतं, नेमका क्षण हाती लागत नाही.

पुढची अडचण जास्त मजेची आहे. लंबकाची लांबी मोजायची कुठपर्यंत? कुलपाचा गुरुत्वमध्य बाहेरून दिसत नाही. तर तो शोधायच्या भानगडीत न पडता फक्त दोऱ्याची लांबी मोज. पाच-सहा वेगवेगळ्या लांब्या घे आणि काळाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढ. रेषा शून्यातून जाणार नाही, पण तिचा चढ बिघडत नाही. तो मीटरला सुमारे 4.03 सेकंदवर्ग येतो आणि ‘जी’ त्यातूनच मिळतो. रेषा उभ्या अक्षाला 0.12 वर छेदत असेल, तर 0.12 भागिले 4.03, म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटर. दोऱ्याच्या टोकापासून इतक्या खाली कुलपाचा गुरुत्वमध्य! जी गोष्ट मोजता येत नव्हती, ती आलेखानेच सांगितली. ऑलिंपियाडच्या प्रयोगात गुण मिळतात ते असल्या कामाला : कोणती राशी कशाविरुद्ध मांडली, किती रीडिंग घेतली, चुकीचा अंदाज किती प्रामाणिकपणे लिहिला.

आपल्या जर्नलांत नेमकं उलटं चालतं. 9.8 आधी ठरलेलं असतं आणि रीडिंग मागून बेतली जातात. ही सवय आजपासून सोड. 9.4 आलं तर 9.4 लिही आणि का आलं याचा छडा लाव.

परीक्षा बारावीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुला अजून दोन संधी आहेत. एनएसईपीची नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते. तुझं कॉलेज परीक्षा केंद्र आहे का, नसेल तर जवळचं कोणतं, हे फिजिक्सच्या सरांना आत्ताच विचारून ठेव.