कुंडीतले जैतुनाचे झाड

जैतुनाला हिब्रूत झायित म्हणतात. तोरामध्ये या देशाच्या ज्या सात पिकांची नावे आली आहेत, त्यांत जैतून आहे. नोहाच्या कबुतराने चोचीत आणले ते जैतुनाचेच पान. इस्राएलचे राजचिन्ह १९४९ साली ठरले. त्यातही मेनोराच्या दोन्ही बाजूंना जैतुनाच्या डहाळ्या आहेत.

कोकणातल्या आपल्या पूर्वजांना मात्र हे झाड पाहायला मिळाले नाही. नवगाव, अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचे तेल तिळाचे आणि खोबऱ्याचे. प्रार्थनालयातला दिवाही खोबरेल तेलावर जळे. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला आली आणि दिमोना, बेअरशेवा, अश्दोद, लोद, रामले अशा शहरांत राहू लागली. तेल्यांच्या नातवंडांना जैतून दारापाशी मिळाले, पण घाणाही नाही आणि अंगणही नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, जागा एका गॅलरीएवढी. तेवढ्या जागेत जैतून वाढवता येते. त्या पद्धतीला बोन्साय म्हणतात.

बोन्साय म्हणजे काय?

शब्द जपानी आहे. त्याचा अर्थ पसरट भांड्यातली लागवड. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नसते. साधेच झाड मुळे आणि फांद्या वेळोवेळी छाटून लहान ठेवलेले असते. जैतून यासाठी फार सोयीचे. त्याची पाने मुळातच बारीक असतात, जुन्या खोडावरही नवे कोंब फुटतात आणि मुळे छाटलेली त्याला सोसतात.

रोप कसे मिळवावे?

बी लावून झाड होते, पण त्याला फार वर्षे लागतात, शिवाय ते आईसारखेच निघेल असा भरवसा नसतो. त्यापेक्षा रोपवाटिकेतून दोन-तीन वर्षांचे, बुंध्याशी जाड असलेले रोप आणावे. कलम करायचे असेल तर उन्हाळा सरताना बोटभर लांबीची, अर्धवट पिकलेली काडी घ्यावी. खालची पाने काढावीत आणि काडी ओलसर पर्लाइटमध्ये सावलीत रोवावी. मुळे धरायला दोन-तीन महिने लागतात. रानातले किंवा शेतातले जैतून मात्र कधीही उपटू नये. इस्राएलमध्ये हे झाड कायद्याने संरक्षित आहे, परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही.

माती आणि कुंडी

जैतुनाला मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. दोन वाटे बारीक टुफ खडी आणि एक वाटा कंपोस्ट असे मिश्रण करावे. कुंडीला तळाशी मोठी भोके हवीत. सुरुवातीची दोन-तीन वर्षे जरा खोल कुंडी वापरावी, उथळ तबकाची घाई करू नये. दर दोन-तीन वर्षांनी, थंडी सरताना, झाड बाहेर काढून मुळांचा सुमारे तिसरा भाग छाटावा आणि नवी माती घालावी.

ऊन आणि पाणी

पुष्कळ जण हे झाड दिवाणखान्यात शोभेला ठेवतात आणि तिथेच ते खंगते. जैतुनाला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागते. त्याची जागा गॅलरीत किंवा गच्चीवर. हिवाळ्याची थंडीही त्याला हवी असते, त्याशिवाय मोहोर धरत नाही. मात्र नेगेवमधल्या गोठवणाऱ्या रात्री कुंडी भिंतीलगत सरकवावी, कारण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते.

जैतून कोरड्यात तगते हे खरे, पण ते जमिनीत खोल मुळे असलेल्या झाडाबद्दल. कुंडीतल्या झाडाला तसे पाणी शोधता येत नाही. माती बोटाच्या एका पेराएवढी कोरडी लागली की खालून निथळेपर्यंत पाणी द्यावे. पुन्हा कोरडी होईपर्यंत थांबावे.

शब्बाथचे काय? त्या दिवशी झाडांना पाणी घालत नाहीत. उन्हाळ्यात, विशेषतः शराव सुटला असताना, उथळ कुंडीतले झाड एका दिवसात वाळू शकते. म्हणून शुक्रवारी मेणबत्त्या लावण्यापूर्वी भरपूर पाणी घालावे, कुंडी दुपारच्या उन्हातून बाजूला घ्यावी आणि खाली ओल्या खडीचे ताट ठेवावे. शनवार तेल्यांनी शनिवारी घाणा थांबवला, तो शुक्रवारचे काम शुक्रवारी आटोपून. झाडाच्या बाबतीतही तेच करायचे.

छाटणी आणि तार

जैतुनाची पाने जोडीजोडीने येतात. नव्या फांदीवर पाच-सहा जोड्या झाल्या की दोन ठेवून पुढचे टोक खुडावे. त्यामुळे फांद्या दाट होतात आणि पाने बारीक राहतात. मोहोर मात्र गेल्या वर्षीच्या फांदीवर येतो. सगळेच खुडले तर फळ धरणार नाही, म्हणून काही फांद्या राखाव्यात.

आकार देण्यासाठी कोवळ्या फांदीला अॅल्युमिनियमची तार गुंडाळून हळूच वाकवावी. जुनी फांदी ताठ असते, जोर केला तर मोडते. तार सालीत रुतण्याआधी काढून घ्यावी. कात्री दर वेळी स्पिरिटने पुसावी, नाहीतर फांद्यांवर गाठी आणणारा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

फळाचा नियम

तोरामध्ये नव्या झाडाचे पहिल्या तीन वर्षांचे फळ खाण्यास मनाई आहे. त्याला ओर्ला म्हणतात. कुंडीतल्या झाडाची वर्षे कशी मोजावीत आणि शेमिटा वर्षात (पुढचे ५७८९, म्हणजे २०२८ च्या रोश हशानापासून) कोणती कामे चालतात, हे रब्बींना विचारून घ्यावे. फळ झाडावरून तोडून लगेच खाता येत नाही, ते फार कडू असते. मिठाच्या पाण्यात काही आठवडे मुरवावे लागते.

धुमारे

म्हाताऱ्या जैतुनाच्या बुंध्याभोवती नवे धुमारे फुटतात. तेहिलीम १२८ मध्ये मेजाभोवती बसलेल्या मुलांना जैतुनाच्या रोपांची उपमा दिली आहे, ती झाड पाहिले की लगेच कळते. मूळ खोड वाळले तरी बुंध्यातून झाड पुन्हा उभे राहू शकते. जमिनीतली जैतुने शेकडो वर्षे जगतात. कुंडीतले झाडही लावणाऱ्यापेक्षा जास्त जगेल, पण एका अटीवर: पाणी घालणारे हात बदलले तरी पाणी थांबता कामा नये. म्हणून घरात हे काम दोघांनी मिळून करावे, एक वडीलधारे आणि एक लहान. छाटणी कुठे करायची ते आजोबांनी दाखवावे, जड कुंडी नातवाने उचलावी.

शब्दार्थ (मराठी – हिब्रू)

कुंडी – अत्सित्स
माती – अदामा
मूळ – शोरेश
खोड – गेझा
फांदी – अनाफ
पान – आले
छाटणी – गिझूम
तेल – शेमेन

स्वाध्याय

१. ‘शनवार तेली’ हे नाव कशावरून पडले?
२. जैतून दिवाणखान्यात का ठेवू नये? दोन कारणे लिहा.
३. शुक्रवारी झाडासाठी कोणती तीन कामे करावीत?
४. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: कोकणातल्या किंवा मुंबईच्या घराजवळ कोणती झाडे होती? त्यांची मराठी नावे लिहून आणा.
५. तू बिश्वातला एलियाहू हनाबीचा मलिदा होतो. त्या दिवसाच्या आसपास वर्गात प्रत्येक जोडीने एक रोप कुंडीत लावावे आणि कुंडीवर दोघांची नावे मराठीत लिहावीत.