ठरवून केलेली वाहतूक कोंडी

प्रश्न : फ्रान्समध्ये जुन्या गाड्यांचे शौकीन आधी तारीख जाहीर करून, ठरवून वाहतूक कोंडी करतात, असं तिथे शिकणाऱ्या माझ्या भाचीनं सांगितलं. आम्ही रोज घोडबंदर रोडला अडकतो, त्यामुळे विश्वास बसला नाही. हे खरं आहे का? आणि या मंडळींचे क्लब एरवी वर्षभर करतात तरी काय? नुसत्या गाड्या पुसत बसतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भाची खरं सांगते आहे. फ्रान्सच्या मध्यभागी आलिए जिल्ह्यात लापालीस नावाचं छोटं गाव आहे. पॅरिसहून निघून भूमध्य समुद्राकाठच्या मांतोंपर्यंत जाणारा सुमारे हजार किलोमीटरचा जुना महामार्ग, नासिओनाल ७, या गावातून जायचा. १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळाली. १९५६ मध्ये ती तीन आठवड्यांची झाली. युद्धानंतर हातात चार पैसे खुळखुळू लागले, दारात गाडी आली, आणि उन्हाळा आला की कुटुंबंच्या कुटुंबं या एका रस्त्यानं समुद्राकडे निघू लागली. लापालीसला सगळे तुंबायचे. २००६ मध्ये गावाला वळसा घालणारा रस्ता झाला आणि कोंडी संपली. त्याच वर्षी जुन्या गाड्यांना आवतण देऊन गावात ती कोंडी पुन्हा घडवली गेली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी हा प्रकार चालू आहे.

१९५०-६० च्या दशकांतल्या शेकडो गाड्या येतात. टपावर दोरीनं बांधलेल्या बॅगा, मागे जोडलेली कॅरव्हॅन, चालवणारे त्या काळच्या कपड्यांत आणि चौकात जुन्या गणवेशातला, शिट्टी फुंकणारा पोलीस. घोडबंदरशी फरक एवढाच, की तिथल्या कोंडीत कोणालाच कुठे पोचायचं नसतं.

आता दुसरा प्रश्न. ‘क्लब’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजेरजवाड्यांच्या गाड्या आणि त्यांना हात न लावू देणारे मालक येतात. तसेही क्लब आहेत. पण या कोंडीत हमखास दिसणारी एक गाडी वेगळ्या कुळातली आहे : सित्रोएन २ सीव्ही. उत्तर तिच्या क्लबांवरून देतो, कारण गाडी कशी घडली यावर तिचा क्लब कसा वागतो हे ठरतं, आणि ते या गाडीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं.

१९३० च्या दशकात सित्रोएनचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी अभियंत्यांना अट घातली : लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे ताशी ६० किलोमीटर वेगानं नेईल, शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल पिईल आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटणार नाहीत, अशी गाडी हवी. युद्धामुळे काम लांबलं. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून नमुना-गाड्या लपवल्या गेल्या. त्यांतल्या तीन थेट १९९४ मध्ये, ला फर्ते-व्हिदाम इथल्या चाचणी-केंद्राच्या आवारातल्या कोठाराच्या माळ्यावर सापडल्या. गाडी लोकांसमोर आली ती ऑक्टोबर १९४८ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात. इंजिन ३७५ सीसी, ताकद नऊ अश्वशक्ती, छत कापडाचं. पत्रकारांनी टिंगल केली आणि गिऱ्हाइकांनी रांग लावली. सुरुवातीला काही वर्षांची प्रतीक्षायादी होती आणि खेड्यातले डॉक्टर, सुईणी, पाद्री यांना आधी गाडी मिळे. जुलै १९९० मध्ये पोर्तुगालमधल्या मांगुआल्दच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर ३८ लाखांहून अधिक २ सीव्ही झाल्या होत्या. तिच्या छोट्या मालवाहू व्हॅन धरल्या तर आकडा ५० लाखांच्या वर जातो.

म्हणजे ही दुर्मीळ गाडी नव्हे. ती कोणाच्या ना कोणाच्या आजोबांकडे होतीच. तिच्यात रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, कारण दोन सिलिंडरचं इंजिन वाऱ्यानंच थंड होतं. दरवाजे वर उचलले की निघतात, पुढचे मडगार्ड चार बोल्ट काढले की हातात येतात, आणि बॅटरी बसली तर हँडल मारून इंजिन चालू करता येतं. शेतकऱ्याला मेकॅनिककडे जावं लागू नये म्हणून केलेली ही रचना आज क्लबाचा आधार झाली आहे. ज्या गाडीला कोणीही हात घालू शकतो, तिच्याभोवती हात घालणारेच जमतात.

कारभार मात्र आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल. फ्रान्समध्ये १ जुलै १९०१ च्या कायद्यानुसार दोन माणसं एकत्र आली तरी संस्था नोंदवता येते. गावोगावचे क्लब याच कायद्याखाली चालतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्षिक वर्गणी, हिशेबाला मंजुरी, आणि ‘पुढच्या वर्षी कोणीतरी तरुणांनी जबाबदारी घ्यावी’ या वाक्यावर पसरणारी शांतता : आपल्या गणेशोत्सव मंडळाच्या सभेत बसल्यासारखंच. जानेवारीत जमले तर सोबत ‘गालेत’ नावाचा बदामाचा गोल केक असतो. त्यात एक इवलीशी मूर्ती दडवलेली असते. ज्याच्या फोडीत ती निघेल, त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट.

हिवाळा दुरुस्तीचा. कोणाच्या तरी गॅरेजमध्ये शनिवारी चार-पाच जण जमतात. एकाचा क्लच, दुसऱ्याचं कार्बुरेटर, तिसऱ्याच्या चेसिसला लागलेला गंज. या गाडीचा खरा शत्रू गंज. पुढच्या चाकांच्या किंगपिनना नियमानं ग्रीस द्यावं लागतं, इग्निशनचे पॉइंट पुढच्या पंख्याच्या मागे लपलेले असतात, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यावर जुन्या रबरी नळ्या बदलून घ्याव्या लागतात. पुस्तकात हे सगळं असतं. पण बोल्ट किती आवळला की आटे जातात, हे शेजारी उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. निवृत्त मेकॅनिक, शाळामास्तर, नर्स, कॉलेजचा पोरगा एकाच बॉनेटखाली डोकं घालून उभे असतात, ते यासाठी.

एप्रिलच्या अखेरीस जुन्या वाहनांचा राष्ट्रीय दिवस येतो आणि गाड्या बाहेर पडतात. मग रविवारच्या सहली. मार्गाची वही आधी छापून प्रत्येकाच्या हाती देतात आणि मोठे रस्ते मुद्दाम टाळतात. ताफ्याच्या शेवटी अवजारं घेतलेली एक गाडी असते आणि बंद पडलेल्याला मागे टाकून कोणी पुढे जात नाही. थांबलं की गाडीतल्या सीटा उपसून गवतावर मांडायच्या आणि त्यावर बसून जेवायचं. सीटा निघतातच तशा.

मे महिन्याच्या सुमाराला, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला जोडून, फ्रान्सभरच्या २ सीव्ही क्लबांचं वार्षिक संमेलन भरतं. दरवर्षी गाव वेगळं, मुक्काम तंबूत. यजमान क्लब वर्षभर आधीपासून शेत, पाणी, संडास, पाव आणि वाद्यवृंद यांच्या मागे असतो. अशा मेळाव्यांत एक खेळ रंगतो : चालू गाडी सर्वांसमोर सुटी करायची, भाग जमिनीवर मांडायचे, पुन्हा जोडायची आणि चालवत निघून जायचं. काही मिनिटांत. लहान पोरं तोंड उघडं ठेवून बघतात आणि त्यांतलीच एखादी पुढे पाना हातात घेते.

त्याहून मोठा मेळावा दर दोन वर्षांनी, दर वेळी वेगळ्या देशात भरतो. पहिला १९७५ मध्ये फिनलंडला झाला. २०११ मध्ये फ्रान्समधल्या साल्ब्री गावी सात हजारांहून अधिक गाड्या आल्या. २०१९ मध्ये क्रोएशियातलं सामोबोर, २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधलं दलेमों. गाड्या ट्रकवर लादून आणण्यापेक्षा चालवत येण्यात इथे मान आहे. या वेडाची पाळंमुळं जुनी आहेत : १९७० मध्ये सित्रोएननं पॅरिस ते काबूल आणि परत अशी सुमारे साडेसोळा हजार किलोमीटरची दौड भरवली, तेव्हा तरुणांनी भरलेल्या सुमारे पाचशे गाड्या निघाल्या होत्या. पुढच्या वर्षी इराणमधलं पर्सेपोलिस झालं आणि १९७३ मध्ये आबिजानहून सहारा ओलांडून ट्युनिस.

डिसेंबरात ‘तेलेतों’ येतो, दुर्धर जनुकीय आजारांवरच्या संशोधनासाठी १९८७ पासून देशभर चालणारी निधी-मोहीम. क्लबवाले गावच्या चौकात उभे राहतात आणि देणगीच्या बदल्यात लोकांना फेरी मारून आणतात. गाडी घेण्याची ऐपत नसलेला माणूसही त्या दिवशी कापडी छताखाली बसतो.

भांडणं नसतात असं समजू नका. मूळ राखाडी रंगाच्या गाडीला कोणी जांभळा रंग दिला की जुने सभासद मान फिरवतात. २०२० पासून फ्रान्समध्ये जुन्या गाडीचं इंजिन काढून विजेची मोटर बसवणं कायदेशीर झालं, तेव्हापासून हा वाद जास्तच पेटला. एका बाजूचं म्हणणं, गाडी शहरात फिरत राहील. दुसऱ्या बाजूचं, आवाज गेला तर राहिलं काय? आणि खरी काळजी वेगळीच आहे : गरिबासाठी बनवलेल्या या गाडीला आता गुंतवणुकीचा भाव येऊ लागला आहे. पंचविशीतल्या पोराला ती परवडली नाही, तर शनिवारी गॅरेजमध्ये येणार कोण?

जोडप्रश्न : गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली. मग सुटे भाग कुठून मिळतात? आणि एवढ्या जुन्या गाडीला सरकार रस्त्यावर येऊ कसं देतं?

उत्तर : भागांचं आश्चर्य वाटेल, पण इतक्या गाड्या शिल्लक आहेत की भाग बनवणं हा धंदाच होऊन बसला आहे. दक्षिण फ्रान्समधल्या कासी गावच्या एका कंपनीचा सगळा डोलारा २ सीव्ही आणि तिची बहीण मेहारी यांच्या भागांवर उभा आहे. गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली अख्खी नवी चेसिस विकत मिळते. शिवाय क्लब आणि गावोगावचे शौकीन जुन्या भागांचे बाजार भरवतात. पहाटे जाऊन, कागदात गुंडाळलेली जुनी टेललाइट घासाघीस करून घेण्यात जी मजा आहे, ती नव्या कोऱ्या डब्यात नाही.

कायद्याचं काम जुन्या वाहनांच्या राष्ट्रीय फेडरेशनकडे आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था क्लबांना एका छत्राखाली आणते. गाडी किमान तीस वर्षांची असेल, आता उत्पादनात नसेल आणि मूळ रूपात राखली असेल, तर फेडरेशन तसा दाखला देतं आणि त्यावर ‘संग्राह्य वाहन’ म्हणून नोंदणी होते. अशा गाडीची तपासणी साधारणपणे पाच वर्षांतून एकदाच करावी लागते. विमाही स्वस्त पडतो, कारण विमा कंपनीला ठाऊक असतं की रोजच्या कामाला मालकाकडे दुसरी गाडी आहे. मोठ्या शहरांनी प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर निर्बंध आणायला सुरुवात केली, तेव्हा अशा नोंदणीच्या गाड्यांना सूट मिळावी म्हणून फेडरेशननं नेटानं पाठपुरावा केला. एकट्यादुकट्या मालकाचं तिथे कोणी ऐकलं नसतं.

जोडप्रश्न : आपल्याकडे असं काही होईल का?

उत्तर : फ्रेंच गाडीच हवी असेल तर फार लांब जायला नको. १९९० च्या दशकात प्रीमियर कंपनीनं प्यूजोशी हातमिळवणी करून कल्याणच्या कारखान्यात ३०९ ही गाडी काढली होती. काही वर्षांतच ते प्रकरण मिटलं. पण २ सीव्हीसारखी घराघरातली गाडी म्हणाल तर आपली पद्मिनी. मुंबईत तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा जमाना ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला.

अडचण वयाच्या हिशेबाची आहे. आपल्या केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. त्यात ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांनीच रस्त्यावर आणता येते. फ्रान्समध्ये तिशीत मिळणारा मान आपल्याकडे पन्नाशीत मिळतो. राजाची गाडी पन्नास वर्षं टिकते, कारण तिला गॅरेज असतं, ड्रायव्हर असतो. साध्या माणसाची गाडी मधल्या वीस वर्षांत भंगारात जाते, कारण तेव्हा बाजाराच्या लेखी ती टाकाऊ असते आणि सरकारदरबारी तिला वारसा म्हणत नाहीत. फ्रान्समधल्या क्लबांनी नेमकी ही वर्षं सांभाळली : भाग जपले, हात शिकवले, सरकारशी भांडले. रविवारच्या सहली हा त्या कष्टांचा मोबदला.

तेव्हा तुमच्या सोसायटीत कव्हरखाली एखादी पद्मिनी किंवा ३०९ उभी असेल, तर तिच्या मालकाशी बोला. फ्रान्समध्ये संस्था नोंदवायला दोन माणसं पुरतात, आपल्या कायद्यानं सात लागतात. त्यांतल्या एकाकडे गाडी आणि दुसऱ्याकडे पाने असले, तर उरलेले पाच वर्गणी गोळा करायला आहेतच.