श्वासपटलाची सोनोग्राफी

प्रश्न : माझ्या पाच महिन्यांच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. एक्स-रेत उजवं श्वासपटल वर सरकलेलं दिसलं, म्हणून सोनोग्राफी सांगितली आहे. पुन्हा किरणं सोसतील का तिला?
– एक आई, रेवदंडा

उत्तर : ताई, सोनोग्राफीत किरणं नसतात, ध्वनिलहरी असतात. सहसा भूलही लागत नाही. बरगड्यांखाली जेल लावून प्रोब टेकवला की श्वासपटल हलताना दिसतं. श्वास घेताना ते खाली यायला हवं. वर जात असेल तर त्याची नस दुखावलेली असू शकते. ती बरेचदा काही महिन्यांत सावरते. व्हेंटिलेटरवर हा दोष झाकला जातो, म्हणून बाळ स्वतःच्या श्वासावर असतानाची तपासणीच खरी. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, नाहीतर परळचं वाडिया आहेच. मात्र दूध पिताना धाप लागली किंवा ओठ निळे पडले, तर तारखेची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.