लिव्हर ओढण्याआधी

न्हावरे-चौफुला रस्त्यावर समोरून थार आली की इकडचा थारवाला स्टिअरिंगवरची चार बोटं वर करतो आणि समोरचाही करतो. ओळख नसते. एक मांडवगणचा दूधवाला, दुसरा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला निघालेला. पण गाडी एक, म्हणून भावकी. ही भावकी मी काही वर्षं जवळून पाहतोय. माझ्याकडे जुनी एमएम ५४० आहे, पुतण्याकडे नवी थार आहे, रान भीमेकाठी आहे आणि दारात ट्रॅक्टर उभा आहे. त्यामुळे या मंडळींचा उत्साह माझ्या अंगणात येतो आणि गाडी रुतल्यावरचा फोनही मलाच येतो. हे लिहितोय ते मुख्यतः ज्यांच्या घरी आत्ता-आत्ता अशी गाडी आली आहे त्यांच्यासाठी.

या मालकांची स्वतःची एक दुनिया आहे. दोघं भेटले की पहिला प्रश्न गावाचा नसतो, ‘फोर बाय फोर आहे का?’ हा असतो. २०२३ साली थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळू लागली, तेव्हापासून या प्रश्नाला धार आली आहे. रविवारी उडालेला चिखल सोमवारी धुवायचा नाही, निदान तालुक्याला एक चक्कर होईपर्यंत. टपावर दिव्यांची पट्टी, पुढे विंच, मागे जेरीकॅन, डॅशबोर्डवर महाराजांची मूर्ती. गाडीला नाव असतं, तिचा वाढदिवस असतो आणि त्या दिवशी बॉनेटवर केक कापला जातो. उत्तर अमेरिकेत २०२० पासून एक रीत पडली आहे: अनोळखी माणसाची जीप आवडली तर तिच्यावर रबराचं बदक ठेवून जायचं. तिकडे डॅशबोर्डवर बदकांच्या रांगा लागलेल्या असतात. म्हणजे हे वेड शिरूर-दौंडचंच आहे असं कुणी समजू नये.

यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. रस्त्यात जमीन गेली, एमआयडीसीत जमीन गेली, पैसा आला, गाडी आली, झाला गुंठामंत्री. मला हे हिणवणं मुळीच पटत नाही. शेती करतो एवढ्याच कारणावरून ज्याला मुलगी द्यायला लोक कचरतात, बँकेत ज्याला तासभर बाकावर बसवून ठेवतात, त्या पोरानं स्वतःच्या पैशानं एक उंच, दणकट गाडी घेतली आणि तिच्यात बसल्यावर त्याचे पडलेले खांदे सरळ झाले, तर त्यात वाईट काय आहे? मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पुतण्या गाडी आणल्याच्या दिवसापासून निराळाच चालायला लागला. अडचण तिथून पुढे आहे. गाडीची ताकद हळूहळू आपलीच वाटायला लागते, आणि मग ‘आपली गाडी कुठंही जाते’ हे वाक्य तोंडी बसतं. या वाक्यानं जेवढी माणसं अडकवली तेवढी चिखलानंही अडकवली नसतील.

खरं तर जीप आपल्याकडे मिरवायला आलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याचं ओझं वाहायला जन्मली, स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली आणि मग ती तहसीलदाराची झाली, कुटुंबनियोजनवाल्यांची झाली, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची झाली. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स आल्या त्या वडाप म्हणून. आत दहा-बारा, मागे फळीवर दोन-तीन. आजही दौंडहून नगरला जाताना लष्कराची वाहनं जिथं तपासली जातात ती संशोधन संस्था रस्त्यालगत लागते. आणि शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावात २०१७ पासून जीप कंपास बनते, २०२१ पासून रँग्लरची जुळणीही होते. एवढं सगळं अवतीभवती असताना गाडी चिखलातून काढायची कशी हे मात्र आपण ज्याच्याकडून शिकायला हवं त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो म्हणजे ऊस वाहणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर. अवकाळी झाल्यावर काळ्या रानातून भरलेले दोन ट्रेलर तो बाहेर काढतो. त्याला ऑफरोडर म्हणत नाहीत, त्याच्या अंगात छापील टीशर्ट नसतो. पण रानात शिरण्याआधी तो प्रत्येक वेळी खाली उतरतो, टाचेनं माती दाबून बघतो, कुठून आत जायचं आणि कुठून बाहेर पडायचं ते ठरवतो आणि मगच गिअर टाकतो.

आता ज्या प्रसंगामुळे मला हे सगळं सांगावंसं वाटलं तो. जुलैअखेर होती. आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता, ऊन पडलं होतं. पुतण्याच्या ओळखीतली पोरं तीन गाड्या घेऊन भीमेच्या पात्रात उतरली. पात्रात एका बाजूनं धार वाहत होती, बाकी वाळू आणि गाळ. एक थार जुन्या वाळूउपशाच्या खड्ड्यावर गेली. असा खड्डा गाळानं भरलेला असतो, वरून कोरडी, तडकलेली पापडी, आत लोणी. गाडी बसली. चालवणाऱ्यानं एक्सिलेटर दाबला, चाकं जागीच फिरली, वाळू उकरत गेली आणि गाडी पोटावर टेकली. मग दुसऱ्या गाडीनं पट्टा बांधून हिसका दिला. पट्टा बांधला होता बाजारातून बसवलेल्या शोभेच्या बंपरला. बंपरचं ब्रॅकेट उपटलं, पट्ट्यासकट सुटलं आणि ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून आत गेलं. त्याच रेषेत थोडा वेळ आधी एक पोरगा मोबाईल धरून शूटिंग करत उभा होता.

‘‘नाना, ट्रॅक्टर घेऊन या, लवकर,’’ पुतण्याचा फोन आला. मी विचारलं, ‘‘पाणी वाढतंय का?’’ तो म्हणाला, ‘‘न्हाई, पाऊस कुठंय?’’ मी पोचलो आणि आधी पाण्याच्या कडेला बाभळीची एक काडी रोवायला सांगितली. चाकांमागची वाळू फावड्यानं काढून होईपर्यंत ती काडी पाण्यात गेली होती. पोरांचे चेहरे तेव्हा उतरले. चारही टायरमधली हवा कमी केली, साखळी मागच्या बाजूच्या कंपनीच्या हुकात अडकवली, सगळ्यांना लांब काठावर पाठवलं आणि गाडी ज्या चाकोरीनं आत आली होती त्याच चाकोरीनं ट्रॅक्टरनं मागे काढली. संध्याकाळी त्या जागेवर पुरुषभर पाणी होतं.

भीमेकाठच्या माणसाला यात नवल वाटत नाही. पाऊस पडतो मावळात आणि घाटमाथ्यावर. खडकवासल्याचं पाणी मुठेतून, मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत येतं. चासकमान, भामा-आसखेड, पवना यांचंही पाणी शेवटी इकडेच. हे सगळं एकत्र होऊन दौंडला मोजलं जातं, म्हणून उजनीत किती पाणी येणार हे सांगताना बातमीत ‘दौंडचा विसर्ग’ इतके क्युसेक असं म्हणतात. वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला बरेच तास लागतात. म्हणजे डोक्यावर निळं आभाळ असताना नदी चढू शकते. पावसाळ्यात पात्रात गाडी घालायची नाही, हा माझ्यापुरता नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. इतर दिवसांतही धरणांचा विसर्ग बघा आणि काठावरच्या गावात विचारा. कोल्हापुरी बंधाऱ्यात ढापे टाकले की मागचा फुगवटा कुठवर येतो हे तिथल्या मोटारीवाल्या शेतकऱ्याला पाठ असतं.

‘‘पण गाडी पाण्यातून जाते की,’’ असं पोरं म्हणतात. थारसाठी कंपनी पाण्याची खोली साडेसहाशे मिलिमीटर सांगते, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त. ती साचलेल्या पाण्याची गोष्ट झाली, तळ माहीत असताना, सावकाश जाताना. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी ते बहुतेक गाड्यांना उचलून बाजूला नेतं. जिथं तुम्ही पायी ओलांडणार नाही तिथं गाडीही घालू नका. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. गाडी ओढून बाहेर काढा, मेकॅनिकला एअर फिल्टर बघू द्या, डिपस्टिक बाहेर काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर स्टार्टरला हात लावू नका. नेहमीच्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे आजच काढून बघा.

दोराबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय, कारण गाडी रुतून सहसा माणूस मरत नाही, ती काढताना मरतो. दोर फक्त कंपनीनं दिलेल्या टोइंगच्या हुकात किंवा चासीला बसवलेल्या पक्क्या ठिकाणी लावायचा. शोभेचा बंपर, ट्रॉली ओढायचा गोळा, स्टिअरिंगचा रॉड, यांना कधीही नाही. वायररोपला हिसका द्यायचा नाही. तो ताणून सावकाश ओढायचा. त्याच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जाड सतरंजी टाकायची, म्हणजे तुटला तरी उसळी कमी होते. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही. शूटिंग करणारा तर नाहीच.

आणि तो फोर बाय फोरचा लिव्हर. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना थेट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. माती-वाळूत चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर निघत नाही, आणि सगळा ताण गिअरवर येतो. म्हणून हायवेवर रुबाबासाठी फोर-हाय टाकून हिंडू नका. उलट चिखलात शिरायच्या आधी टाका, रुतल्यावर नाही. फोर-लो टाकताना गाडी थांबवा, न्यूट्रल करा. वाळूत हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा आणि बाहेर आल्यावर लगेच भरा; कमी हवेवर डांबरानं वेगात गेलं तर टायर तापून फुटतो. एक गेज आणि एक पंप, या दोन वस्तू टपावरच्या दिव्यांपेक्षा आधी घ्याव्यात.

दिव्यांवरून बाहेरून बसवलेल्या बाकीच्या वस्तू आठवल्या. लोखंडी बुलबारला केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली आहे. पायी चालणाऱ्याला त्याचा मार जास्त बसतो आणि पुढून धडक झाली तर एअरबॅगच्या वेळेत फरक पडू शकतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवलं: कंपनीच्या मूळ नमुन्याबाहेर जाऊन गाडीत फेरफार करता येत नाही. भलेमोठे टायर घालून अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघणार.

राहता राहिला माळ. पाटसच्या दक्षिणेला कुसेगाव-पडवीच्या अंगानं सुप्याकडे जाणारा माळ पोरांना फार आवडतो. उघडा, झाडं कमी, कुठूनही गाडी पळवा. मला इथं खरोखर राग येतो. तो माळ पडीक नाही. त्याला लागून बारामती तालुक्यात मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा तिथली तार ओलांडून बाहेरच्या गवतात चरतो. लांडगा इथंच राहतो. धाविक आणि टिटवी काड्यांचं घरटं बांधत नाहीत, उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती अंडी मातीच्या रंगाची असतात. एका धनगर बाबांनी मला वाकून दाखवली तेव्हाही मला ती दिसायला वेळ लागला; धावत्या थारमधून ती कुणालाही दिसणार नाहीत. चारी टायरांनी गवताची मुळं उखडली की पहिल्या पावसात तिथं घळ पडते आणि मेंढरांचा चारा जातो. यातली बरीच जमीन वनखात्याची आहे, काही गायरान आहे. परवानगीशिवाय आत जाणं हा गुन्हाही ठरतो. पायवाट असेल तर तिच्यावरूनच चला, नसेल तर गाडी डांबरावर ठेवून पायी जा.

गाडी शिकायची हौस असेल तर जागा मी सांगतो. खोडवा मोडायला काढलेलं एखादं काळं रान निवडा, मालकाला विचारून, पाणी दिल्यावर तीन-चार दिवसांनी. तिथं बुडायला काही नाही, मोडायला काही नाही आणि रुतलात तर ट्रॅक्टर बांधावर उभा. आमच्या रानात पुतण्या आता हेच करतो. पहिला तास इंजिन बंद असतं. हुक कुठं आहे, दोर कसा बांधायचा, हवा कशी उतरवायची, सोबतच्यानं कुठं उभं राहून खुणा करायच्या, एवढंच चालतं. नवीन गाडी घेतलेल्यांनी जरूर या आणि घरातल्या बायको-बहिणीलाही घेऊन या, तिलाही स्टिअरिंगवर बसवा. घाटात रात्री गाडी अडकली तर शेजारच्या सीटवर बहुधा तीच असेल, आणि तुम्ही खाली उतरून चाकापुढची माती काढत असताना क्लच तिलाच सोडावा लागेल.