चक्कर की अंधारी?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्याकडे या सगळ्यासाठी एकच शब्द, 'डिझी'. आजीकडे मात्र तीन-चार. घर फिरतंय, डोळ्यांपुढे अंधारी आली, भोवळ येऊन पडला. गंमत म्हणजे डॉक्टरही आधी हेच विचारतात : खोली फिरते की अंधारी येते? दोन्हींची मशिनरीच वेगळी आहे.

खोली फिरत असेल तर बहुधा कान. आतल्या कानात एकमेकींशी साधारण काटकोनात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. आपला एक्स-वाय-झेडच! डोकं वळलं की इनर्शियामुळे नलिकेतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला सिग्नल जातो. कधी शेजारच्या भागातले कॅल्शियमचे बारीक कण सुटून नलिकेत शिरतात. मग कूस बदलली तरी खोली गरगरते. यावर डॉक्टर डोकं ठराविक क्रमाने वळवून कण बाहेर काढतात. प्युअर मेकॅनिक्स! मला हा इलाज फारच आवडला.

होस्टेलवर मात्र जास्त दिसते ती अंधारी. आपण झटकन उठलो की अर्धा लिटरभर रक्त खाली पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमधले सेन्सर ते ओळखतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. कंट्रोल सिस्टिम्समधला फीडबॅक लूप, दुसरं काय! पण अंगात पाणीच कमी असेल तर लूप तरी काय करणार? नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात दुपारी प्रताप नगरातून सायकलवर आलात तरी शर्ट कोरडाच. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, म्हणून किती पाणी गेलं ते कळतच नाही. त्यात सकाळी नुसता चहा पिऊन पेपरला पळायचं! (खिशातल्या कांद्याचं मेकॅनिझम मला अजून सापडलेलं नाही.)

अंधारी आली की आहे तिथेच बसा. जमलं तर आडवे व्हा, पाय उशीवर ठेवा. भोवती गर्दी नको, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी तर मुळीच ओतू नका. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा बरं का, मेसमधला डाव नाही.

अंग तापलंय आणि मुलगा असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात समजा. अंग ओलं करा, पंखा लावा, ऑटो बोलवा. चकरेसोबत जीभ अडखळली, एक हात लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डन सरांना उठवा.