पक्षाघात ओळखणारें लोहचुंबक

पक्षाघात, अर्धांगवायु किंवा लकवा या नांवांनीं ओळखला जाणारा विकार आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेला असेल. कित्येकांनीं तो आपल्या घरांतील वडील माणसांत पाहिलाही असेल. बोलतां बोलतां तोंड वांकडें होतें, एक हात लुळा पडतो, जीभ अडखळते. विकार दिसतो हातापायांत. त्याचें मूळ मात्र असतें मेंदूंत. पूर्वीं मेंदूस नक्की कोठें इजा झाली हें रोगी जिवंत असतां डोळ्यांनीं पाहण्याची सोय नव्हती. आज ती आहे. ती कशी झाली, व ती असूनही घरच्या माणसांचें काम कां संपत नाहीं, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा विकार आमच्या उपनगरांस परका नाहीं. वांद्रे, खार व सांताक्रूझ हे भाग ज्यांत मोडतात, त्या एच वॉर्डांतील सुमारें दीड लाख वस्तीची पाहणी २००५ व २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम्. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. पहिल्यानेंच पक्षाघात झालेले ४५६ रोगी त्यांत आढळले. त्यांचें सरासरी वय ६६ होतें. पैकीं ३६६ जणांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुंबला होता, तर ८१ जणांच्या मेंदूंत रक्तस्राव झाला होता. २८ दिवसांच्या आंत शेंकडा सुमारें ३० रोगी दगावले.

या दोन प्रकारांचा भेद ओळखणें फार महत्त्वाचें आहे. गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या प्रकारांत तारक, तर दुसऱ्यांत मारक ठरूं शकतें. आणि नुसत्या बाह्य लक्षणांवरून तो भेद निष्णात डॉक्टरांसही खात्रीनें सांगतां येत नाहीं. म्हणून बहुधा प्रथम क्ष-किरणांचा सी. टी. स्कॅन काढतात. तो कांहीं मिनिटांत होतो व ताजा रक्तस्राव त्यांत स्पष्ट दिसतो. परंतु रक्त तुंबल्यानें झालेली इजा पहिल्या कांहीं तासांत त्यांत पुष्कळदां दिसतच नाहीं. अशा वेळीं एम्. आर्. आय्. हें यंत्र उपयोगी पडतें.

या यंत्राचें रहस्य पाण्यांत आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु असतात, व त्या प्रत्येकाचें केंद्र म्हणजे जणूं एक इवलेंसें लोहचुंबकच. रोग्यास बलवान् चुंबकाच्या पोकळींत निजविलें म्हणजे या असंख्य केंद्रांचा कल किंचित् एका दिशेस होतो. मग रेडिओ-लहरी सोडून त्यांना डोलावयास लावितात. लहरी थांबविल्या कीं तीं केंद्रें मूळ स्थितीस येतां येतां स्वतःच क्षीण लहरी बाहेर टाकतात. त्या टिपून संगणक चित्र तयार करितो. दीड टेस्ला शक्तीचें नेहमींचें यंत्र घेतलें तरी त्याचें बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक भरतें. म्हणूनच त्या खोलींत लोखंडी वस्तु नेणें जिवावर बेततें. जानेवारी २०१८ मध्यें मुंबईंतील एका रुग्णालयांत प्राणवायूचें नळकांडें घेऊन आंत गेलेला एक तरुण यंत्राकडे ओढला जाऊन प्राणांस मुकला, ही गोष्ट कोणीं विसरूं नये.

या शास्त्राशीं मुंबईचा जुना संबंध आहे. मद्यार्कांतील हायड्रोजनचीं केंद्रें आपापल्या शेजाराप्रमाणें तीन वेगवेगळे संकेत देतात, हें १९५१ सालीं आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या तिघांनीं अमेरिकेंत दाखविलें. त्यांपैकीं डॉ. धर्मट्टी यांनीं पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या विद्येचा पाया घातला. याच विद्येच्या आधारें शरीराचीं चित्रें काढण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मेंदूची इजा चित्रांत कशी उमटते तें पाहूं. रक्त थांबलें कीं पेशींना प्राणवायु मिळत नाहीं. पेशींतून क्षार बाहेर उपसण्याचें काम बंद पडतें, क्षारांमागोमाग पाणी आंत शिरतें व पेशी फुगतात. फलाटावर मोकळेपणानें फिरणारे प्रवासी सकाळच्या लोकलच्या डब्यांत कोंबले गेले म्हणजे त्यांना हात हलविणेंही कठीण होतें. तीच गत येथें पाण्याची होते. पाण्याचें हें अडलेलें चलनवलन टिपणारी एम्. आर्. आय्. ची एक खास पद्धत आहे. तींत इजा झालेला भाग पांढरा शुभ्र दिसतो, आणि तोही पुष्कळदां थोड्याच मिनिटांत.

याच यंत्राच्या दुसऱ्या एका पद्धतींत मात्र तोच डाग कांहीं तासांनीं दिसूं लागतो. पहिल्या चित्रांत डाग आहे व दुसऱ्यांत नाहीं, असें असेल तर इजा बहुधा साडेचार तासांच्या आंतली, असा तर्क करितां येतो. म्हणजे हीं दोन चित्रें मिळून एक घड्याळच झालें! गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. परंतु रात्रीं धडधाकट निजलेला मनुष्य सकाळीं लुळा होऊन उठला, तर वेळ कोण सांगणार? अशा निवडक रोग्यांस या दोन चित्रांच्या आधारें औषध दिल्यास अधिक जण सुधारतात, असें यूरोपांत झालेल्या व २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

तथापि चित्रांत डाग दिसला म्हणून तो पुसला जातो, असें नव्हे. मोठी रक्तवाहिनी तुंबली असतां दर मिनिटास सुमारें १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील अनेक घरांतून दुपारीं आईवडील कामावर असतात, व घरीं असतात आजी-आजोबा आणि शाळेंतून परतलेलीं मुलें. तेव्हां हा प्रसंग प्रथम ओळखण्याचें काम मुलांवरच येण्याचा संभव आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनीं एवढें पक्कें ध्यानांत धरावें. शंका येतांच आजोबांस हंसावयास सांगावें, दोन्ही हात वर करावयास सांगावें, एखादें वाक्य बोलावयास सांगावें. तोंड एका बाजूस ओढलें गेलें, हात खालीं पडला किंवा वाणी अडखळली, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनि करावा व शेजाऱ्यांस हांक मारावी. तेल चोळीत बसूं नये. तोंडांत पाणी, अन्न वा औषध घालूं नये. लक्षणें आपोआप ओसरलीं तरी रुग्णालय टाळूं नये. शरीरांत हृदयाचें यंत्र किंवा धातूचा तुकडा बसविलेला असल्यास तें डॉक्टरांस आधींच सांगावें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, आजोबा शेवटीं किती वाजतां धड दिसले होते, ती वेळ कागदावर लिहून तो कागद त्यांच्याबरोबर पाठवावा. डॉक्टर पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतात, आणि पुष्कळ वेळां त्याचें उत्तर घरांतल्या लहानग्यासच ठाऊक असतें.