युद्धकाळातील प्रेम आणि अद्भुतता : कच-देवयानी आख्यान

अद्भुतरम्य कथेच्या एका उपप्रकाराचा आपण येथे विचार करणार आहोत. परस्परविरोधी पक्षांतील दोन तरुण जीव, भोवती पेटलेले युद्ध आणि त्यातच उमलणारे प्रेम, असा त्याचा साचा आहे. आजच्या तरुण इंग्रजी वाचकांत तो लोकप्रिय आहे. रिबेका रॉस यांच्या ‘डिव्हाइन रायव्हल्स’ (2023) या कादंबरीत देवांचे युद्ध चालू असताना दोन प्रतिस्पर्धी पत्रकार जादूच्या टंकलेखन यंत्रांवरून परस्परांना पत्रे लिहितात. मराठी वाचकाला हा साचा अपरिचित वाटू नये. महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीची कथा याच जातीची आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत विद्याहरण’ (1913) आणि वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (1959) या कृतींतून ती मराठीत रुजली.

देव-दानवांच्या युद्धात दानवगुरू शुक्राचार्यांजवळ मृतांना उठवणारी संजीवनी विद्या होती; देवांजवळ ती नव्हती. म्हणून देवगुरू बृहस्पतींचा पुत्र कच शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून गेला. त्याने आपले कूळ लपवले नाही, हेतू मात्र उघड केला नाही. आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. शुक्राचार्यांची लाडकी कन्या देवयानी हिलाही प्रसन्न करून घे, असे देवांनीच कचाला सांगितले होते. त्यामुळे त्याच्या गाण्यात, नृत्यात, तिच्यासाठी आणलेल्या फुलाफळांत प्रेम किती आणि कामगिरी किती, हे वाचकाला कधीच निश्चित सांगता येत नाही. बहुधा कचालाही ते सांगता आले नसते.

दानवांना संशय आला. त्यांनी कचाला मारून त्याचे तुकडे श्वापदांना घातले. पुढे त्याला वाटून समुद्रात मिसळले. अखेर जाळून त्याची राख मद्यातून खुद्द शुक्राचार्यांना पाजली. प्रत्येक वेळी देवयानीने पित्यापाशी हट्ट धरला आणि कच जिवंत झाला. तिचा प्रत्येक हट्ट तिच्याच पक्षाला दुबळा करत होता. तिसऱ्या वेळी तर कचाला बाहेर काढायचे म्हणजे शुक्राचार्यांचे पोट फुटणार होते. म्हणून त्यांनी पोटातल्या कचाला संजीवनी शिकवली. त्याने बाहेर येऊन गुरूला उठवले. दानवांनी जी विद्या वाचवण्यासाठी हत्या केली, त्या हत्येनेच ती शत्रूच्या हाती गेली.

विद्या संपादन करून कच निघाला, तेव्हा देवयानीने विवाहाची इच्छा बोलून दाखवली. तू गुरुकन्या आहेस, शिवाय मीही तुझ्या पित्याच्या उदरातून जन्मलो, म्हणून तू माझी बहीण, असे सांगून त्याने नकार दिला. हा युक्तिवाद शास्त्राला धरून असेल. तरीही त्याचा दुसरा आधार त्याला दानवांच्या कपटानेच मिळवून दिला, हे विसरता येत नाही. तुझी विद्या तुला फळणार नाही, असा शाप देवयानीने दिला. मी जिला शिकवीन तिला किंवा त्याला ती फळेल, आणि कोणताही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही, असे कचाने उलट सुनावले. तिचा शाप देवांचा विजय थांबवत नाही, केवळ कचापुरता उरतो. युद्ध देवांनी साधले; दोघे तरुण रिकाम्या हातांनी राहिले.

खाडिलकरांच्या नाटकात शुक्राचार्यांचे मद्यपान अग्रभागी येते. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यापूर्वी सुमारे दोन दशके बंगालीत लिहिलेल्या ‘विदाय-अभिशाप’ या नाट्यकाव्यात केवळ निरोपाचा प्रसंग आहे. खांडेकरांनी देवयानीला स्वतःचे निवेदन दिले आणि कचाला निरोपानंतरही कथेत ठेवले. माझ्या मते देवयानीच्या अपमानित प्रेमाचा पुढील संसारावर पडणारा परिणाम त्यांनी सर्वाधिक बारकाईने पाहिला आहे.

स्वाध्याय : सक्करदऱ्यातील भोसल्यांचा वाडा आणि नोव्हेंबर 1817 मधील सीताबर्डीची लढाई ही पार्श्वभूमी घ्या. भोसल्यांच्या पक्षातील एक तरुणी आणि कंपनीच्या छावणीतील एक तरुण कल्पून दोनशे शब्दांत कथेचा आराखडा लिहा. संजीवनीच्या जागी कोणती अद्भुत वस्तू घ्याल? ती कोणाच्या हाती द्याल, आणि ती मिळवण्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागेल?